परदेशचे मैदान आणि घरचा उस्ताद

१९६२ सालच्या सप्टेंबरच्या ४ तारखेस जाकार्ता येथील सेनायानच्या विशाल क्रीडांगणावर, हजारो प्रेक्षक उघडपणे विरुद्ध बाजूस ओरडत असता, भारतीय फुटबॉल संघाने दक्षिण कोरियास २-१ असे नमवून आशियाई क्रीडास्पर्धेचे सुवर्णपदक मिळविले. याच कोरियाने आरंभीच्या सामन्यात आपल्याला ०-२ असे हरविले होते. जपानला मात्र आपण त्याच स्पर्धेत २-० असे मागे टाकले होते. म्हणजे साठ-एक वर्षांपूर्वी आशिया खंडातील हे तीन देश फुटबॉलच्या एकाच पायरीवर उभे होते, आणि त्या पायरीवर अग्रभागी आपण होतो. पुढे त्यांपैकी दोघे विश्वचषकाच्या मैदानावर नेमाने जाऊ लागले व तिसरा घराच्या उंबरठ्यावरच राहिला. याची कारणे पुष्कळ सांगितली जातात: पैसा, मैदाने, क्रिकेटचे वेड, संघटनांतील दुही. ती सारी खरी असली तरी एका कारणाची छाननी म्हणावी तशी झालेली नाही. तारुण्यात परमुलखात जाऊन व्यावसायिक फुटबॉल खेळावा, तेथील शिस्त व विद्या आत्मसात करावी, आणि पाय थकल्यावर मायदेशी परतून प्रशिक्षकाच्या हुद्द्यावर रुजू व्हावे, अशी संपूर्ण कारकीर्द कोरियात घडली, जपानात घडली. आपल्याकडे ती एकदाही पूर्णत्वास का गेली नाही, एवढ्याच प्रश्नाचा आढावा येथे घ्यावयाचा आहे.

आदिलाबादेत बसून मराठीत हा विषय मांडण्यास एक निमित्त आहे. आमचा जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा, पुढे हैदराबाद राज्याचा भाग होता. आज महाराष्ट्रात असलेले किनवट व राजुरा हे तालुके त्या वेळी याच जिल्ह्याच्या दप्तरी होते. आणि पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरच्या मराठी माणसाची कोर्टकचेरी, शाळा आणि सरकारदरबार ज्या शहराकडे तोंड करून चालत असे, त्याच शहराने भारताला त्याचा सर्वश्रेष्ठ फुटबॉल प्रशिक्षक दिला. भाषावार प्रांतरचनेने मुलूख वाटून घेतला, तशी सय्यद अब्दुल रहीम यांची स्मृतीही वाटली गेली असती तर तिचा एक हिस्सा आमच्याही पदरी आला असता. पण ती कोणीच मागितली नाही. २०२४ साली ‘मैदान’ हा चित्रपट निघाला तेव्हा कोठे अनेकांना हे नाव ऐकून ठाऊक झाले.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ चा. पेशाने ते शाळामास्तर. काचीगुडा, चादरघाट अशा हैदराबादेतील निरनिराळ्या शाळांतून त्यांनी शिकविले; उस्मानिया विद्यापीठात असताना व नंतर ते स्वतः चांगले खेळत; १९४३ साली हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले आणि पुढे हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाची सूत्रेही त्यांच्याच हाती राहिली. त्या पोलीस संघाचा पराक्रम मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिलेला आहे, कारण कूपरेजवरील रोव्हर्स चषक या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबादला नेला. पोलीस खात्यातील शिपाई आणि जमादार कलकत्त्याच्या नामांकित क्लबांना दरवर्षी मुंबईत येऊन हरवितात, हा त्या काळी कौतुकाचा तसाच अचंब्याचा विषय होता.

त्यांची अध्यापनपद्धती जवळून पाहण्यासारखी आहे, कारण तीत परदेशी थाटाचे काहीच नव्हते आणि तरीही ती तत्कालीन युरोपाच्या पुढची होती. आपल्या खेळाडूंना चेंडू पायाशी खेळवीत बसण्याची हौस फार, हे ओळखून त्यांनी अशा स्पर्धा भरविल्या की ज्यांत चेंडू घोळविण्यासच मनाई असे. आला की एका किंवा दोन स्पर्शांत तो पुढे द्यावयाचा. काही स्पर्धांत खेळाडूने आपल्या दुबळ्या पायानेच खेळावयाचे. उजव्या पायाचा सवयीचा जोर बाजूला ठेवून डाव्या पायाने चेंडू मारताना अर्धा संघ अडखळत असेल व पाहणारे हसत असतील, हे सहज डोळ्यांसमोर येते. पण त्या अडखळण्यातून जे खेळाडू तयार झाले, त्यांना प्रतिपक्षाने कोणत्याही बाजूने कोंडले तरी वाट सापडत असे. ही कल्पना मास्तराचीच असू शकते. वर्गातील हुशार मुलास त्याचा आवडता धडा पुन्हा पुन्हा म्हणावयास लावून तो पुढे जात नाही, हे शाळेत जन्म घालविलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

१९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत मेवालाल यांच्या एका गोलाने इराणला हरवून सुवर्णपदक आले. पाठोपाठ १९५२ साली हेलसिंकी येथे युगोस्लाव्हियाने आपला १०-१ असा दारुण पराभव केला. थंड, ओलसर मैदानावर आपले कित्येक खेळाडू अनवाणी होते, आणि त्यानंतरच बूट घालणे सक्तीचे झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुंबईकर गोमंतकीय नेव्हिल डिसोझा यांनी यजमान ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढविले, आपण तो सामना ४-२ असा जिंकला आणि चौथ्या क्रमांकावर आलो. त्या पथकात अझीझुद्दीन, नूर महंमद, अहमद हुसेन, झुल्फिकारुद्दीन, तुळशीदास बलराम अशी हैदराबादी नावे लागोपाठ येतात. १९६० साली रोमला आपण फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी केली. जगात जुनी डब्ल्यू-एम मांडणी मोडून ४-२-४ ची नवी रचना रूढ होत होती; आशियात ती लवकर आत्मसात करणाऱ्यांत रहीमसाहेब होते. जाकार्तास तर जर्नेलसिंग या बचावपटूच्या डोक्यास टाके पडलेले असता त्यांना आघाडीस खेळविण्याचे धाडस त्यांनी केले, आणि अंतिम सामन्यातील दुसरा गोल जर्नेलसिंगांनीच केला. रहीमसाहेब त्या वेळी कर्करोगाने पोखरले गेले होते. ११ जून १९६३ रोजी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी ते वारले.

परदेशी खेळण्याची परंपरा मात्र रहीमसाहेबांच्याही आधी सुरू झालेली होती, आणि ती जितकी रोमहर्षक तितकीच अल्पायुषी ठरली. कलकत्त्याच्या महमेडन स्पोर्टिंगचा महंमद सलीम १९३६ साली एका नातलगाच्या आग्रहावरून ग्लासगोस गेला आणि तेथील सेल्टिक क्लबच्या वतीने दोन सामने अनवाणी खेळला. क्लबचे प्रशिक्षक जिमी मॅकमेनेमी त्याच्या पायांस पट्ट्या बांधीत आहेत, असे एक छायाचित्र उपलब्ध आहे: खाली वाकलेला स्कॉटिश गृहस्थ आणि समोर पाय पुढे करून बसलेला हिंदी तरुण. साम्राज्याच्या त्या काळात हे दृश्य किती उफराटे होते, हे निराळे सांगावयास नको. प्रेक्षकांनी त्यास डोक्यावर घेतले, क्लबने राहण्याचा आग्रह केला. पण घरच्या ओढीने तो परत आला. म्हातारपणी तो आजारी असता मुलाने सेल्टिकला पत्र लिहिले, तेव्हा तिकडून १०० पौंडांची हुंडी आली, अशी हकिगत त्या मुलानेच पुढे सांगितली आहे. ज्याने युरोपातील क्लबची तालीम, आहार, सामन्यापूर्वीची बैठक हे सारे आतून पाहिले, अशा या पहिल्या हिंदी खेळाडूस त्याच्या मायदेशात कोणी शिकविण्यास बोलाविल्याचे दिसत नाही. त्याच्या पायांचे कौतुक झाले. डोळ्यांनी काय पाहिले ते कोणी विचारले नाही.

सलीमनंतर ही वाट जवळजवळ बुजली. बायचुंग भुतिया १९९९ साली इंग्लंडातील बरी या खालच्या श्रेणीतील क्लबात गेला आणि तीन हंगाम तेथे राहिला. सुनील छेत्री २०१० साली अमेरिकेत कॅन्सस सिटीकडे व २०१२ साली पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबच्या दुय्यम संघात गेला, पण दोन्हीकडे त्याच्या वाट्यास मैदान फारसे आले नाही. गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू २०१४ ते २०१७ या काळात नॉर्वेच्या स्टाबेक क्लबात टिकला. पुण्याच्या वेंकीज कंपनीने तर २०१० साली इंग्लंडातील ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लबच विकत घेतला. तेव्हा मराठी मुलांची रीघ तिकडे लागेल अशी भाबडी आशा काहींनी केली होती, पण कोल्हापूरचा अनिकेत जाधव तेवढा काही काळ सरावापुरता जाऊन आला. भांडवल समुद्र ओलांडते, खेळाडू बंदरावर राहतो, हा आपल्या अर्थकारणाचा सर्वत्र दिसणारा प्रकार येथेही दिसला. भुतियाने निवृत्तीनंतर सिक्कीममध्ये क्लब काढला, मुलांसाठी शाळा काढल्या आणि २०२२ साली अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढविली. तीत त्यास एक मत मिळाले व प्रतिस्पर्ध्यास तेहेतीस. परदेशी खेळून आलेल्या आपल्या सर्वांत नामांकित खेळाडूबद्दल आपल्या संघटनांचे मत यापेक्षा स्पष्ट शब्दांत नोंदविता आले नसते.

याउलट ज्यांनी प्रशिक्षक होण्याचा ध्यास घेतला, ते परदेशी खेळले नव्हते. शिकण्यासाठी तेवढे गेले. ईस्ट बंगालचे अमल दत्त पदरमोड करून इंग्लंडात अभ्यासक्रम करून आले आणि प्रशिक्षण हाच पूर्णवेळ व्यवसाय मानणारे आपल्याकडील आद्य गृहस्थ ठरले. प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी जपानात डेटमार क्रामर या जर्मन आचार्यांच्या हाताखाली फिफाचा अभ्यासक्रम केला. हैदराबादेत रहीमसाहेबांच्या शाळेचे वारस निघाले ते असे: १९७० साली बँकॉकला कांस्यपदक मिळविणाऱ्या संघाचे कर्णधार सय्यद नईमुद्दीन, ज्यांना १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला आणि ज्यांनी पुढे बांगलादेशाच्या राष्ट्रीय संघासही शिकविले, १९७४ साली इराणसह आशियाई युवक विजेतेपद वाटून घेणाऱ्या संघाचे कर्णधार शब्बीर अली, ज्यांच्या मार्गदर्शनाखाली गोव्याच्या साळगावकर क्लबने १९९८-९९ ची राष्ट्रीय लीग जिंकली, आणि खुद्द रहीमसाहेबांचे चिरंजीव, हवाई दलातील अधिकारी, खेळाडू, पंच व प्रशिक्षक अशा चारही भूमिका वठविलेले शाहिद हकीम, जे २०२१ साली निवर्तले. गोव्यात आर्मांदो कुलासो यांनी धेंपो क्लबला पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. ही माणसे कर्तृत्वात उणी नव्हती. मात्र त्यांनी परदेशी मैदान पाहिले ते पाहुण्यासारखे किंवा विद्यार्थ्यासारखे. तेथील तनखा घेऊन, तेथील पराभवाची शिक्षा सोसून नव्हे. ज्यांनी ते सोसले ते प्रशिक्षक झाले नाहीत. दोन वाटा समांतर चालत राहिल्या.

आता जाकार्तास आपण हरविलेल्या त्या दोन देशांकडे वळावे. क्रामर साहेब १९६० साली जपानात आले होते. त्यांनी सांगितले की स्पर्धा चषकांच्या नव्हे, वर्षभर चालणाऱ्या साखळीच्या हव्यात. जपान्यांनी १९६५ साली राष्ट्रीय लीग उभी केली व १९६८ साली मेक्सिकोत ऑलिंपिक कांस्यपदक घेतले. क्रामरांची शिकवण प्रदीपदांनी मायदेशी आणली, पण आपली राष्ट्रीय लीग सुरू होण्यास १९९६ साल उजाडले. १९७७ साली यासुहिको ओकुदेरा हा जपानी आघाडीपटू जर्मनीतील कोलोन क्लबात दाखल झाला, पहिल्याच हंगामात बुंडेसलीगा जिंकणाऱ्या संघात होता, नऊ वर्षांनी परतला आणि १९९६ साली इचिहारा येथील क्लबचा प्रशिक्षक झाला. त्याची प्रशिक्षकी काही विशेष गाजली नाही, हेही सांगितले पाहिजे.

कोरियाच्या चा बुम-कुन याची कारकीर्द या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद. १९७८ साली तो जर्मनीत डार्मश्टाट क्लबकडे गेला, एक सामना खेळला आणि लष्करी सेवेची मुदत पुरी करण्यासाठी त्यास सरकारने परत बोलाविले. मुदत भरताच १९७९ साली तो फ्रांकफुर्टला गेला, १९८० साली त्या क्लबबरोबर यूएफा चषक जिंकला, पुढे लेव्हरकुसेनकडून १९८८ साली तोच चषक पुन्हा जिंकला. बुंडेसलीगात त्याचे ३०८ सामने व ९८ गोल झाले. परतल्यावर त्यास ज्ञानी म्हणून वागविण्यात आले: क्लब मिळाला, आणि १९९८ च्या विश्वचषकासाठी राष्ट्रीय संघही. तेथे नेदरलँड्सकडून ०-५ असा पराभव होताच स्पर्धा चालू असतानाच त्यास बडतर्फ करण्यात आले. अशी मानहानी झालेला माणूस आपल्याकडे पुन्हा उठला नसता. कोरियात तोच सुवॉन क्लबचा प्रशिक्षक होऊन २००४ व २००८ अशा दोन वेळा विजेता झाला. त्याच्या मागोमाग आयंडहोव्हेनला खेळून आलेला हो जुंग-मू २०१० साली कोरियास विश्वचषकाच्या बाद फेरीत घेऊन गेला, आणि जपान व अमेरिकेत खेळलेला होंग म्युंग-बो २०१२ साली ऑलिंपिक कांस्यपदक घेऊन आला.

यावरून परदेशी खेळले की प्रशिक्षक आपोआप घडतो, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. कार्लो आंचेलोत्ती खेळाडू म्हणून इटलीबाहेर गेला नाही. आरिगो साक्की तर व्यावसायिक खेळाडूही नव्हता. उलट पेप ग्वार्डिओला उतारवयात मेक्सिकोतील सिनालोआ येथे एका लहान क्लबात खेळावयास गेला तो तेथील प्रशिक्षक हुआन मान्वेल लिल्यो यांच्यापासून शिकता यावे म्हणून, आणि दोनच वर्षांनी बार्सिलोनाची धुरा त्याने उचलली. देशांतराचे मोल खेळाडूच्या जिज्ञासेवर आणि त्याहून अधिक, परत आल्यावर त्याच्यासाठी राखून ठेवलेल्या जागेवर ठरते. आपल्याकडे ही जागाच नव्हती. खेळाडूस नोकरी मिळे ती पोलिसांत, रेल्वेत, बँकेत. खेळ संपला की तो कारकून किंवा अंमलदार म्हणून निवृत्तिवेतनाकडे वाटचाल करी. आणि राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक हवा असला की तजवीज परदेशातून होई: हॅरी राइट, मिलोव्हान चिरिच, बॉब हॉटन, स्टीफन कॉन्स्टंटाइन, इगोर स्टिमाच अशी ती दीर्घ यादी. त्यांतले काही खरोखर गुणी होते. पण स्टिमाच हे क्रोएशियाचे खेळाडू इंग्लंडात खेळून, प्रशिक्षक होऊन आपल्याकडे आले, म्हणजे जी कारकीर्द आपण आपल्या मुलांस घडू दिली नाही तीच आपण वेतन देऊन दुसऱ्यांकडून विकत घेतली.

अलीकडे या चित्रात एक फरक पडला आहे. कुवेतमध्ये जन्मलेले, मुंबईच्या महिंद्र, एअर इंडिया या क्लबांतून खेळलेले खालिद जमील यांनी २०१६-१७ साली ऐझॉलसारख्या लहान क्लबास आय-लीग जिंकून दिली, २०२१ साली इंडियन सुपर लीगमध्ये कायम नेमणूक मिळालेले ते पहिले भारतीय मुख्य प्रशिक्षक ठरले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय संघ त्यांच्या हवाली झाला. २०१२ नंतर हे पद भारतीयाकडे प्रथमच आले. आरंभी त्यांनी मध्य आशियाई स्पर्धेत ओमानला हरवून तिसरा क्रमांक मिळविला. पुढे मडगावला सिंगापूरकडून १-२ असे हरून आशियाई चषकाचे दार बंद झाले. निकालावर टीका व्हावी, पण चा बुम-कुनला जी दुसरी संधी मिळाली ती यांनाही मिळावी, असे मला वाटते. हैदराबादची गोष्ट मात्र खेदाची आहे. पुणे सिटी क्लब बंद पडून त्याच्या जागी २०१९ साली हैदराबाद एफसी उभा राहिला, मानोलो मार्केझ या स्पॅनिश प्रशिक्षकाच्या हाताखाली त्याने मार्च २०२२ मध्ये लीग जिंकली, तीही गोव्याचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी याने पेनल्टी अडविल्यामुळे; आणि आर्थिक दुरवस्थेने २०२५ साली तोच क्लब दिल्लीस हलविला गेला. रहीमसाहेबांच्या शहरास आज वरच्या श्रेणीत क्लब नाही.

आणि तरीही आमच्या जवळच्या निजामाबाद जिल्ह्यातील बंजारा समाजाची सौम्या गुगुलोत ही मुलगी २०२२ साली क्रोएशियातील डिनामो झाग्रेब क्लबात जाऊन खेळून आली. आदिलाबादच्या तांड्यांवर तिच्यासारख्या मुली उण्या नाहीत. उणीव आहे ती त्यांना शिकविणाऱ्यांची. प्रशिक्षकपदाची शिडी आता नियमबद्ध आहे: महासंघाच्या प्राथमिक परवान्यापासून आशियाई महासंघाच्या प्रो परवान्यापर्यंत ती पायरी पायरीने चढावी लागते, आणि पहिली पायरी हैदराबादेत असली तर उटनूरचा मास्तर तिथवर पोहोचत नाही. तेव्हा तेलंगणाच्या फुटबॉल संघटनेने व जिल्हा क्रीडा विभागाने प्राथमिक परवान्याचा एक वर्ग आदिलाबादच्या इंदिरा प्रियदर्शिनी क्रीडांगणावर दरवर्षी भरवावा, त्यात मराठी, तेलुगू व उर्दू शाळांतील व्यायामशिक्षकांना सरकारी कामाची रजा देऊन धाडावे, आणि सौम्यासारख्या परदेशी खेळून आलेल्या मुलींनी बूट उतरविण्यापूर्वीच त्यांच्या नावाची नेमणूक मंजूर करून ठेवावी.